सात नंबरची दाढी

चौदा वर्षं मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत इस्त्री केली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. मग लाँड्रीचं काम बाहेरच्या कंत्राटदाराला दिलं आणि आम्हा नऊ बायकांना ऑफिसात बोलावून जिला तिला नवी कामं वाटली. कुणाला स्वयंपाकघर मिळालं, कुणाला पाळणाघर. माझ्या वाट्याला शवागार आलं.

"झेपणार नसेल तर आत्ताच सांगा," मॅनेजर म्हणाले.

"न झेपायला काय झालं? ती माणसं काय कॉलरला सुरकुती राहिली म्हणून तक्रार करणार आहेत?"

उचलली जीभ लावली टाळ्याला. बाहेर येऊन मात्र जिन्यात बसून राहिले, ते वेगळं.

शवागार तळघरात होतं. एक लांबट खोली, भिंतीत दहा कप्पे, मधे पत्र्याचं टेबल, एक मोठं बेसिन. वर छताला लागून एक खिडकी, तिच्यातून बाहेरून जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसायचे. तिथं एक म्हातारा न्हावी होता. मेलेल्या माणसांना धुवून, विंचरून, दाढी करून घरच्यांच्या ताब्यात देण्याजोगं करायचं, हे त्याचं काम. सगळे त्याला वस्ताद म्हणायचे. वस्तादांचा उजवा हात थरथरायला लागला होता. तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते आणि तोवर त्यांनी मला तयार करायचं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझे हात उलटेसुलटे करून पाहिले. मनगटावर भाजल्याचे डाग होते.

"इस्त्री, तुला घाई करायची सवय दिसतेय," ते म्हणाले. तेव्हापासून माझं नाव इस्त्रीच पडलं.

"वस्ताद, वस्तऱ्याऐवजी साधं पात्याचं दाढीचं मशीन का नाही वापरत?"

"ते मेलेल्या कातडीवर सरकत नाही, ओढतं. आणि एक लक्षात ठेव. जिवंत माणसाला कापलंस तर तो ओरडतो, शिव्या देतो, दोन दिवसांत बरा होतो. मेलेल्याला कापलंस तर रक्त नाही येत, पण तासाभरात तिथं तपकिरी डाग पडतो आणि तो जात नाही. घरच्यांना शेवटचा दिसतो तो तुझा डाग."

दोन दिवस त्यांनी मला नुसता वस्तरा उघडायला आणि मिटायला लावला. पुढचे दोन दिवस पट्ट्यावर धार पाजळायला. चामड्याचा पट्टा खिळ्याला अडकवायचा, ताणून धरायचा आणि पात्याची पाठ पुढे ठेवून वस्तरा न्यायचा. टोकाला पोचलं की पाठीवरच पालटून परत आणायचा. धार पुढे ठेवून नेली की पट्टाही कापला आणि धारही गेली. माझ्याकडून पट्ट्याला तीन चिरा पडल्या. प्रत्येक वेळी वस्तादांनी चष्मा काढून पुसला.

मग फुगा. फुगवलेल्या फुग्याला साबणाचा फेस लावायचा आणि तो न फोडता काढायचा. पहिल्या दिवशी माझे अकरा फुगे फुटले. तळघरात तो आवाज असा घुमायचा की वरच्या मजल्यावरची नर्स एकदा धावत खाली आली.

"पात्याचा कोन बघ," वस्ताद सांगायचे. "आडवं झोपवलंस तर केस ओढेल, उभं धरलंस तर कातडीत घुसेल. पात्याच्या पाठीत आणि गालात तुझी करंगळी जाईल एवढीच जागा ठेव. दुसऱ्या हातानं कातडी ताण. आणि कधीही आडवं सरकवू नकोस. आडवं सरकलं की संपलं."

फुगा जमल्यावर जिवंत माणूस हवा होता. घरात एकच होता. माझा नवरा बस गॅरेजमध्ये मेकॅनिक. इंजिनाच्या पोटात बेधडक हात घालणारा गडी, पण रविवारी सकाळी खुर्चीवर बसवून गळ्याला टॉवेल बांधला तेव्हा त्याचं धाबं दणाणलं.

"आधी सांग, भांडण कशावरून झालं होतं आपलं?"

"हलू नका हो."

"नाही, मी माफी मागून टाकतो. जे काही असेल त्याची."

उजवा गाल बरा झाला. डाव्या गालावर दोन ठिकाणी रक्त आलं, तसा तो उठला, उरलेली अर्धी दाढी त्याच्या मशीननं केली आणि म्हणाला, "तुझी गिऱ्हाईकंच बरी. ती पळून जात नाहीत."

सात नंबरच्या कप्प्यातला माणूस आला तो पुढच्याच गुरुवारी. पहाटे कालव्यातून काढलेला. पोलिसांच्या कागदावर एवढंच होतं की पुरुष, वय अंदाजे पंचावन्न, ओळख नाही. कालव्यात वरच्या बाजूच्या कारखान्याचं काळं तेल यायचं. त्यानं त्याचा चेहरा, केस, छाती सगळं लडबडलेलं होतं. आम्ही दोघांनी दोन तास धुतलं. अंगावरचं निघालं, पण दाढीत तेल बसून तिचा डांबरासारखा गोळा झाला होता. साबणानं हलेना, रॉकेलनं हलेना.

"काढावी लागणार," वस्ताद म्हणाले. त्यांनी कात्रीनं तो गोळा कापून बादलीत टाकला आणि वस्तरा माझ्यापुढे धरला. "आज तू."

मला सव्वा तास लागला. थंड कातडीवर फेस बसत नाही, पातळ होऊन ओघळतो. गाल जिवंत गालासारखा हाताला साथ देत नाही. ताणला तर ताणलेलाच राहतो. हनुवटीखाली माझा हात एकदा घसरला. शेवटी ओला टॉवेल फिरवला तेव्हा खाली एक लहान, बुजरी हनुवटी निघाली. उन्हाची सवय नसलेली, पांढरीफटक. कपाळ एका माणसाचं आणि हनुवटी दुसऱ्याची, असं काहीतरी वाटत होतं.

"जिवंत असता तर उठून थोबाडीत मारली असती तुझ्या," वस्ताद म्हणाले, "पण पहिल्या खेपेला ठीक आहे."

दहा वाजता कारकून आला. त्यानं फोटो काढला, चेहऱ्याचं वर्णन लिहिलं आणि आम्ही कप्पा लावून घेतला.

शुक्रवारी सकाळी कप्प्यांच्या थंडाव्याचा काटा बघताना वस्तादांनी सात नंबर ओढला आणि माझ्याकडे पाहिलं. "इस्त्री, हे काय?"

त्याच्या गालांवर खुंट होते. चांगले, बोट फिरवलं तर टोचतील असे.

"मी काढली होती हो. तुमच्यासमोर काढली."

"हात कच्चा आहे तुझा. वरवर काढलीस. आणि मेल्यावर कातडी आक्रसते, मग आतला केस बाहेर आल्यासारखा दिसतो. पुन्हा कर."

मला पटलं. शिकाऊ माणसाला स्वतःची चूक लगेच पटते. मी पुन्हा पट्टा ताणला, पुन्हा फेस केला आणि या वेळी आधी केसांच्या कलानं, मग उलटा हात मारून काढली. बोटानं तपासली. काचेसारखी गुळगुळीत.

शनिवारी पुन्हा खुंट होते.

वस्ताद हसले, पण नेहमीसारखे नाही. "आपल्यात म्हणतात, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. याची मेल्यावरही जात नाही असं दिसतंय. कर."

मी करत गेले. रविवारी केली, सोमवारी केली. दर सकाळी तो कप्पा ओढला की तिथं दाढी असायची, आदल्या दिवसापेक्षा थोडी जास्तच. वस्ताद आता "हात कच्चा" म्हणत नव्हते. ते बेसिनपाशी पाठ करून उभे राहायचे आणि तेच ते ब्रश धूत बसायचे. मी वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या जिन्यातच थांबल्या. "कातडी आक्रसते. एकदा, फार तर दोनदा तसं वाटतं," त्या म्हणाल्या.

"आज पाचवा दिवस आहे, बाई. एकदा येऊन बघता का?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि येते म्हणाल्या. आल्या नाहीत.

गंमत अशी की माझा हात मात्र बसत चालला होता. सव्वा तासाची चाळीस मिनिटं झाली, चाळिसाची वीस. वस्तऱ्याचा आवाज कानाला कळायला लागला. धार बरोबर असेल तर करकर येते, कोन चुकला तर आवाज बसतो. त्याच्या जबड्याच्या कोपऱ्यात केस गोल फिरतात, गळ्यावर ते खालून वर वाढतात, हनुवटीच्या डाव्या बाजूला दोन बोटं रुंद पांढरा पट्टा येतो. सगळं मला पाठ झालं. आधीच्या रविवारी घाबरून उठलेल्या नवऱ्याची मी बुधवारी एकही ओरखडा न काढता दाढी केली. तो आरशात बघतच राहिला.

"कुणावर शिकलीस एवढी?"

मी वस्तरा पुसून मिटला.

गुरुवारी, म्हणजे आठव्या दिवशी, मी सकाळी दाढी केली आणि जेवणाच्या सुट्टीनंतर उगाच कप्पा ओढून पाहिला. गालांवर करडी सावली आली होती. खोलीत मी एकटीच होते. मी हातमोजा काढला आणि तळवा त्याच्या गालावर ठेवला. गाल बर्फासारखा. आधी काही जाणवलं नाही. मग हाताखाली बारीक टोचायला लागलं. एका ठिकाणी, दुसऱ्या ठिकाणी, मग सगळीकडे. चादरीखालून मुंग्या चालाव्यात तसं. केस माझ्या तळव्याला खालून ढकलत होते. हळूहळू, पण थांबत नव्हते. एखाद्याला फार घाई असावी तसे.

मी हात काढला, कप्पा लावला आणि सरळ बाहेर कारकुनाच्या टेबलापाशी जाऊन बसले. मला माणसाचा आवाज ऐकायचा होता, कसलाही.

"ताई, पाणी देऊ का? पांढऱ्या पडलात," तो म्हणाला. बिचारा तिशीतला मुलगा होता, सारखा पेनाची टोपणं चावणारा.

"भाऊ, त्या सात नंबरचं कुणी आलंच नाही का?"

"आलं होतं की. शनिवारी दुपारी, तुम्ही दोघं गेल्यावर. विशीतली मुलगी होती. दोन दिवस प्रवास करून आली होती. वडील हरवलेत म्हणाली. मी कप्पा काढून दाखवला. नीट पाहिलं तिनं आणि म्हणाली, हे नाहीत."

"नाहीत म्हणाली?"

"हो. इतकी हसली हो ती, सुटल्यासारखी. म्हणाली, माझ्या बाबांना दाढी आहे, छातीपर्यंत. मी जन्मल्यापासून त्यांना दाढीशिवाय पाहिलेलंच नाही." तो थांबला. "असं काय बघताय?"

"तुम्ही वर्णनात काय लिहिलंय?"

त्यानं रजिस्टर उघडून बोट ठेवलं. *दाढी नाही.*

तो दहाला यायचा. त्याच्या आधीच आम्ही ती कापून बादलीत टाकली होती. पोलिसांच्या कागदावर दाढीचा उल्लेख नव्हता, कारण तेव्हा चेहरा म्हणजे एक काळा गोळा होता. वस्तादांना वाटलं मी कारकुनाला सांगितलं असेल, मला वाटलं वस्तादांनी. आणि मग रोज सकाळी तो माणूस आपला चेहरा परत आणत होता आणि रोज सकाळी मी तो खरवडून काढत होते. वर स्वतःलाच शाबासकी देत होते, हात बसला म्हणून.

मी वस्तादांना सांगितलं तेव्हा ते स्टुलावर बसले.

"उद्या करू नकोस," एवढंच म्हणाले.

मुलीचा नंबर रजिस्टरमध्ये होता. फोन मीच लावला. मी कोण, ते सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "मी पाहून गेलेय. ते माझे बाबा नव्हते. मला पुन्हा बोलवू नका, मावशी. एकदा बघताना काय झालं माझं, ते माझं मला ठाऊक."

"ऐकून घे पोरी. त्यांना दाढी होती. आम्ही काढली. तेलानं खराब झाली होती म्हणून. चूक झाली आमची, तुला सांगायला हवं होतं."

मी तशीच पुढे बोलत गेले.

"हनुवटीच्या डाव्या बाजूला पांढरा पट्टा आहे. दोन बोटांचा. बाकी सगळी काळी-करडी. असं होतं का तुझ्या बाबांचं?"

मग ती लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाली, "मी लहानपणी त्याला रस्ता म्हणायचे." आणि फोन बंद झाला.

तिला पोचायला दोन दिवस लागणार होते. त्या दोन दिवसांत आम्ही सात नंबरला हात लावला नाही. शुक्रवारी दुपारी मी कप्पा वीतभर ओढून पाहिला. दाढी गळ्याखाली गेली होती. शनिवारी सकाळी वस्तादांनी पाहिलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून मला मागे सारलं. "मोजू नकोस," ते म्हणाले. "जे आहे ते आहे. फणी दे."

त्यांचा हात थरथरत होता, म्हणून विंचरली मीच. काळी-करडी, दाट, छातीच्या हाडापर्यंत आलेली, डावीकडे पांढरा रस्ता. आता कपाळ आणि खालचा चेहरा एकाच माणसाचे वाटत होते. हनुवटीखाली पहिल्या दिवशी माझ्याकडून पडलेला तपकिरी डागही आत झाकला गेला होता.

मुलगी अकराच्या सुमारास आली. पाठीवर सॅक, पायांत चिखलाचे बूट. मला वाटलं होतं ती किंचाळेल. तिनं फक्त टेबलाची कड धरली आणि "बाबा" म्हणाली, कुणाला झोपेतून उठवताना म्हणतात तशा आवाजात. मग तिनं बोटं दाढीत घातली, तळापर्यंत, आणि तशीच उभी राहिली. कारकून दारात उभा होता. तो वळला आणि बाहेर निघून गेला. त्याच्या खुर्चीचा आवाजही आला नाही, म्हणजे तो पलीकडे कुठेतरी उभाच राहिला असणार.

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, तुम्ही फोनवर म्हणालात दाढी काढली होती."

"हो."

"कधी?"

मी वस्तादांकडे पाहिलं. वस्ताद बेसिनकडे बघत होते.

"गेल्या गुरुवारी," मी म्हटलं. खोटं बोलायला सुचलंच नाही. "आणि त्यानंतर रोज. या गुरुवारपर्यंत."

तिनं बोटं बाहेर काढली. दाढीकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. मला वाटलं, आता ही ओरडेल, वर जाऊन तक्रार करेल, आणि करावी तरी. पण तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"मी गेल्या शनिवारी त्यांना नाही म्हणाले," ती म्हणाली. "त्यांच्या तोंडावर. आणि बाहेर जाऊन चहा प्यायले, आनंदानं."

"तुझी चूक नाही ग त्यात."

"त्यांना ऐकू गेलं असेल का?"

मी तिच्यासमोर फणी धरली. तिनं ती घेतली आणि मी विंचरलेली दाढी मोडून पुन्हा स्वतः विंचरली, त्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना अर्धी-अर्धी. ते गालाकडून विंचरायचे, तुम्ही मधून विंचरलीत, असं म्हणाली. संध्याकाळी चार वाजता गाडी आली. सकाळपासून दाढी केसभरही वाढली नव्हती. ते मी पाहिलं, मोजू नकोस सांगितलं होतं तरी. सहीच्या वेळी मुलीनं कारकुनाकडून रजिस्टर मागून घेतलं, "दाढी नाही"वर रेघ मारली आणि खाली स्वतःच्या अक्षरात दुरुस्ती केली. कारकुनानं अडवलं नाही.

गाडी गेल्यावर वस्ताद मागच्या उतारावर पायरीवर बसले होते. मी त्यांच्याशेजारी बसले. त्यांनी विडी काढली होती पण पेटवली नव्हती.

"मी शिकत होतो तेव्हा एक आला होता असा," ते म्हणाले. "तीन नंबरच्या कप्प्यात. मिशी होती, जाड. आमच्या मास्तरांनी उतरवायला सांगितली. चेहरा मोकळा दिसला पाहिजे म्हणायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मास्तर म्हणाले, हात कच्चा आहे."

मी त्यांच्याकडे वळले.

"पंधरा दिवस उतरवली मी. रोज. तेव्हा इतकी धुंदी होती ना मला, हात बसत होता ना. सोळाव्या दिवशी नगरपालिकेची गाडी आली आणि बेवारस म्हणून घेऊन गेली." त्यांनी विडी बोटांत फिरवली. "जाताना पुन्हा आलेली होती मिशी. मी पाहिली. मी म्हटलं, चला, आता माझ्या डोक्याला ताप नाही."

"त्याचं कुणी आलं होतं का, वस्ताद? आधी, बघायला?"

"विचारलंच नाही कधी कुणाला," ते म्हणाले. "चाळीस वर्षं झाली. आज त्या पोरीनं रेघ मारली तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, विचारायला पाहिजे होतं."

आतून कारकुनानं हाक मारली. दोन नंबरचा आला होता, वॉर्डातून, आणि त्याची बायको वर बसली होती. मी उठले. वस्ताद उठले नाहीत. मी आत न जाता आधी जिना चढले, त्या बाईसमोर जाऊन बसले आणि विचारलं, "तुमच्या यजमानांचा चेहरा कसा असायचा, ते मला जरा सांगता?"